एअर सस्पेन्शन की कॉइल स्प्रिंग? ऑफरोड गाडीसाठी कसं ठरवावं

एअर सस्पेन्शनमध्ये गाडी हवा भरलेल्या रबरी पिशव्यांवर उभी असते, कॉइलमध्ये पोलादी स्प्रिंगवर. शोरूममध्ये एअर सस्पेन्शन हमखास जिंकतं. बटण दाबलं की गाडी वर, पुन्हा दाबलं की खाली. निर्णय मात्र बिघाड कुठे होईल आणि तिथे दुरुस्त कोण करेल, यावर घ्यावा.

१. भार बघा. कधी गाडी रिकामी, कधी छतावर तंबू आणि मागे ट्रेलर, असं असेल तर एअर घ्या. भार बदलला तरी उंची तीच राहते. कॉइल ठरावीक भारासाठीच बनते. जास्त भरलं की गाडी मागून बसते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात. विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र), लोखंडी बंपर कायमचेच असतील तर गाडी वजनकाट्यावर नेऊन त्या वजनाची कॉइल बसवा.

२. उंची किती लागते? नवी लँड रोव्हर डिफेंडर ११० एअरवर ७५ मिमी उचलते, अगदी अडलीच तर आणखी ७०. पाण्यातून जायची मर्यादा एअरवर ९०० मिमी, कॉइलवर ८५०. म्हणजे पाण्यात फरक फक्त पाच सेंटिमीटरचा! शिवाय पूर्ण उचललेल्या गाडीच्या चाकाला खाली लोंबायला जागा उरत नाही, ती दणके देते. ही उंची अडथळ्यापुरती, हळू चालवतानाच वापरायची.

३. जुनी एअरची गाडी नीट तपासा. लँड रोव्हरच्याच डिस्कव्हरी ३ सारखी गाडी स्वस्तात मिळते ती बऱ्याचदा एअर सस्पेन्शनच्या दुखण्यामुळेच. सपाट जागी उभी करा, चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहा, सकाळी पुन्हा मोजा. चारही कोपरे सारखेच उतरले म्हणून खूश होऊ नका: ही गाडी बंद असतानाही मधूनमधून स्वतःला समतल करते, सगळ्यात खालच्या कोपऱ्याच्या बरोबरीने. मालकाची हरकत नसेल तर रात्रभर बॅटरी सोडवून ठेवा, मग गळणारा कोपरा एकटाच बसतो. तिथे साबणाचं पाणी मारा. रबर जिथे दुमडतं तिथे आणि नळीच्या जोडावर बुडबुडे दिसतील.

कंप्रेसरचा, म्हणजे हवा भरणाऱ्या पंपाचा, आवाजही ऐका. बारीक गळती भरून काढताना तो सारखा चालतो आणि जळतो, मग बिल गळती आणि कंप्रेसर दोन्हींचं येतं. तपासताना हवेच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नका. ती अचानक बसू शकते. आधी स्टँड लावा.

४. मेकॅनिक कुठे आहे? हिमाचलच्या स्पीतीत कॉइल तुटली तरी गाडी सहसा रखडत गावापर्यंत येते. एअरला निदानासाठी स्कॅनर लागतो. लांब एकट्याने जाणार असाल तर मी कॉइलच सांगेन.

५. एअर काढून कॉइल टाकायची? किट मिळतात. पण त्यासोबत डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा शांत ठेवणारं मॉड्यूल लागतं, आणि चढाउतरायला गाडी खाली घ्यायची सोय जाते. घरात गुडघेदुखीवाले आई-वडील असतील तर आधी त्यांना विचारा. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा.