रेडिओग्राफीचा कॅमेरा गाडीतून पडला किंवा हरवला तर काय करायचं

तळोज्याहून निघालेला टेम्पो महापेला गेटवर येऊन थांबतो, पोरगा मागचा फाळका उघडतो आणि पेटी नाही. नुसती दोरी लोंबतेय. हे मी स्वतः बघितलंय, तेव्हा मी ट्रेनी होतो, पावसाळा होता, संध्याकाळचे साडेसात वाजले होते, आणि पोटात जो गोळा आला तो आज आठवला तरी हात थंड पडतात. आता मी स्वतः आरएसओ, म्हणजे रेडिएशन सेफ्टी ऑफिसर आहे आणि टीटीसी (ठाणे-बेलापूरचा औद्योगिक पट्टा), तळोजा, ठाण्याकडच्या साइटवर जाणाऱ्या नवीन पोरांना हे तोंडी सांगत असतो, पण तोंडी सांगितलेलं ऐन वेळेला आठवत नाही म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पाइपाचा किंवा टाकीचा वेल्डिंगचा जोड आतून चांगला आहे का हे बघायला गॅमा किरणांनी फिल्म काढतात, त्या मशीनला आपण कॅमेरा म्हणतो. आत किरण सोडणाऱ्या इरिडियम-१९२ ची बारीकशी कॅप्सूल असते, तिलाच सोर्स म्हणतात, ती एका छोट्या वायरच्या टोकाला असते, तिला पिगटेल म्हणतात, आणि भोवती डिप्लिटेड युरेनियमचं शील्ड. त्यामुळे दिसायला डबा छोटा पण उचलायला गेलं की वीस-पंचवीस किलो भरतो. हे वजनच घात करतं, कारण भंगार ओळखणाऱ्या माणसाला हातात घेतल्या घेतल्या वाटतं की आत शिसं नाहीतर काहीतरी महाग धातू आहे.

आता एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, पुढचं सगळं तिच्यावर आहे. हरवलेला कॅमेरा आणि हरवलेला सोर्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोर्स शील्डच्या आत, लॉक लागलेलं, दोन्ही टोकांच्या कॅप जागेवर, असा कॅमेरा रस्त्यावर पडला तर तो तसा फार धोक्याचा नाही. ही पेटी टाइप-बी पॅकेज असते, ९ मीटरवरून कडक पायावर आपटून आणि ८०० डिग्रीच्या आगीत ३० मिनिटं ठेवून त्याचं डिझाइन तपासलेलं असतं, टेम्पोतून पडून ती फुटत नाही. खरी भीती आहे ती नंतर छिन्नी-हातोडा घेऊन बसणाऱ्या माणसाची. २०१० साली दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात कोबाल्ट-६० असंच उघडलं गेलं आणि एक जण गेला. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानियात सीझियम होतं, तिथे चार जण गेले. दोन्ही ठिकाणी उघडणाऱ्यांना ते काय आहे हे सांगायला कोणीच नव्हतं, आणि मला हे फार लागतं कारण आपल्या शिळफाट्याला, तुर्भ्याला रस्त्याच्या कडेला भंगाराची दुकानं किती आहेत ते तुम्हालाही माहिती आहे.

म्हणजे तुमची शर्यत त्या छिन्नीशी आहे.

पहिल्या दहा मिनिटांत गाडी जिथे आहे तिथेच थांबवा, उलटं वळून धावत सुटू नका. ड्रायव्हरला बाजूला बसवा, पाणी द्या, ओरडू नका (आमच्या सुपरवायझरने त्याला शिव्या दिल्या आणि तो इतका घाबरला की वाटेत कुठे थांबला होता तेच सांगेना). शेवटची पेटी डोळ्याने कधी बघितली, चहाला कुठे थांबलात, कुठे जोरात आदळली, कुठे मागून हॉर्न मारला कोणी, हे सगळं घड्याळाच्या वेळेसकट लिहून घ्या. दरम्यान दुसऱ्याने सर्व्हे मीटर (किरण मोजायचं यंत्र) चालू करून टेम्पोचा हौदा बघायचा, आणि तिसऱ्याने साइटवर फोन करून स्टोरेज पिट (कॅमेरा ठेवायचा खड्डा) उघडून प्रत्यक्ष बघायला सांगायचं, रजिस्टर वाचून दाखवायला नाही. घाईत दुसरीच पेटी गाडीत चढते आणि कॅमेरा पिटमध्येच राहतो हेही होतं, आणि ते मीटरशिवाय कळत नाही.

पिटमध्ये नाही, गाडीत नाही, म्हणजे हरवला. आता लगेच फोन. आधी आरएसओ, मग लायसन्स ज्याच्या नावावर आहे तो, आणि त्यांनी त्याच मिनिटाला एईआरबीला, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवायचं, अणुशक्तीनगरला नियामक भवनात त्यांचं ऑफिस आहे, म्हणजे आपल्याकडून खाडीपलीकडे. आणीबाणीचे नंबर ट्रेम कार्डवर (वाटेत अपघात झाला तर काय करायचं ते सांगणारं कार्ड) छापलेले असतात, ते कार्ड ड्रायव्हरच्या केबिनमध्ये असलंच पाहिजे. पोलिसांसाठी ११२. "आधी आपण शोधू, सापडला तर कोणाला कळायचं कारण नाही" हे वाक्य मी त्या रात्री ऐकलं आणि आम्ही दीड तास टॉर्च मारत फिरलो, सहा माणसं, पावसात, आणि काही हाती लागलं नाही. त्या दीड तासात पोलिसांची गस्तीची गाडी त्याच रस्त्याने दोनदा गेली. त्यांना माहीतच नव्हतं काय बघायचं. लायसन्सवर काय व्हायचं ते होईल, नोकरीचं काय व्हायचं ते होईल, पण लपवू नका हो, कळकळीने सांगतो.

पोलिसांशी बोलताना "रेडिओअॅक्टिव्ह सोर्स मिसिंग आहे" एवढंच म्हटलं तर समोरच्याला एकतर बॉम्ब वाटतो नाहीतर दवाखान्यातलं एक्स-रे मशीन. म्हणून असं सांगा: "साहेब, टेम्पोतून पिवळी पेटी पडलीय, पंचवीस किलोची. आत वेल्डिंग तपासायचं मशीन आहे. ते फुटणार नाही, स्फोट होणार नाही, पण कोणी उघडलं तर जिवावर बेतेल. दिसली तर हात लावू नका, तीस मीटर लांब थांबा, लोकांना लांब ठेवा, आम्ही मीटर घेऊन येतो." आणि लगेच फोटो पाठवा. आमच्याकडे त्या कॅमेऱ्याचा एकही फोटो नव्हता, कॅटलॉगमधला पाठवला तो वेगळ्याच रंगाचा. तेव्हापासून मी निघताना पेटीचा, सिरीयल नंबरच्या पट्टीचा आणि बांधलेल्या दोरीचा असे तीन फोटो घेतल्याशिवाय गाडी सोडत नाही.

हद्दीचाही घोळ होतो. तळोजा नवी मुंबई पोलिसांकडे, शिळफाटा आला की ठाणे आयुक्तालय, आणि डोंगर ओलांडून महापेत उतरलात की परत नवी मुंबई. पेटी कुठे पडली तेच माहीत नाही तर तक्रार कुठे द्यायची? कुठेही द्या. झीरो एफआयआर कोणत्याही ठाण्यात घेता येतो, १ जुलै २०२४ पासून नवीन नागरिक सुरक्षा संहितेतच ते आलंय. फक्त दोन्ही कंट्रोल रूमला माहिती गेली का ते स्वतः विचारून खात्री करा.

आता शोध. मीटर म्हणजे जादूची कांडी नाही. त्या दिवशी सकाळी आमच्या पेटीचं रीडिंग घेतलं होतं, पृष्ठभागावर तासाला ०.३ मिलिसिव्हर्ट आणि एक मीटरवर ८ मायक्रोसिव्हर्ट (सिव्हर्ट म्हणजे अंगावर पडणाऱ्या किरणांचं माप, एका मिलिचे हजार मायक्रो). अंतर दहापट झालं की रीडिंग शंभरपट कमी होतं, म्हणजे दहा मीटरवर ०.०८ मायक्रोसिव्हर्ट, आणि तेवढं तर निसर्गात एरवीही असतं. थोडक्यात, बंद कॅमेरा झुडपात पडलाय आणि तुम्ही मीटर घेऊन रस्त्याच्या पलीकडच्या कडेने चाललाय तर काटा हलणार सुद्धा नाही. बंद कॅमेरा डोळ्यांनी आणि माणसांना विचारून शोधायचा असतो. उलट सोर्स उघडा पडला असेल, समजा ३० क्युरीचा (क्युरी म्हणजे सोर्सची ताकद मोजायचं माप), तर एक मीटरवर तासाला साधारण १५० मिलिसिव्हर्ट आणि शंभर मीटरवर सुद्धा १५ मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे गाडीत बसूनच कळेल. म्हणून आधी मीटर चालू ठेवून सगळा रस्ता एकदा सावकाश गाडीने पालथा घाला, काहीच नाही आलं तर निदान एवढं समजा की रस्त्यालगत उघडा सोर्स पडलेला दिसत नाही, आणि मग पायी उतरा. ऑस्ट्रेलियात जानेवारी २०२३ मध्ये खाणीवरून पर्थला नेताना गेजमधून (मोजमापाच्या यंत्रातून) सीझियमची ८ बाय ६ मिलिमीटरची कॅप्सूल पडली, १४०० किलोमीटरचा रस्ता, तेरा दिवस कोणाला पत्ताच नाही, पण १ फेब्रुवारीला डिटेक्टर लावलेल्या गाडीने ताशी ७० च्या वेगाने जाताना ती पकडली, रस्त्यापासून दोन मीटरवर. ती उघडी होती म्हणून सापडली.

पायी शोधताना ड्रायव्हरने सांगितलेले खड्डे, स्पीडब्रेकर, चढाची वळणं आणि फाळक्याला झटका बसतो अशा सिग्नलच्या जागा आधी. पावसात डबक्यात काठी घालून बघा, हात नको. आणि प्रत्येक टपरी, पंक्चरवाला, वजनकाटा, भंगारवाला, रिक्षा स्टँड. विचारताना आवाज चढवू नका, "चोरी" हा शब्द तर काढूच नका, नाहीतर ज्याच्याकडे आहे तो ती नाल्यात टाकून मोकळा होईल. शिळफाट्याला चहाच्या टपरीवर मी फोनमध्ये तीन पाकळ्यांची पिवळी खूण दाखवली आणि म्हटलं, मावशी, असा डबा दिसला का, माणसाला त्रास होईल हो त्याने. मावशी म्हणाल्या, "तो पिवला डबा ना? पंक्चरवाल्याकरं हाय, त्यावरच बसलाय तो." सहा माणसांचा दीड तास आणि मावशींचं एक वाक्य.

आता सापडला की पळत जाऊन मिठी मारायची नाही. मीटर लांबूनच चालू करून, सगळ्यात मोठ्या रेंजवर ठेवून, एकेक पाऊल पुढे. लांबून चालू करायचं कारण असं की काही जुने जीएम (गायगर) मीटर खूप जास्त फील्डमध्ये गुदमरतात आणि काटा शून्यावर येऊन बसतो, जवळ जाऊन चालू केलंत तर ते शून्य खरं वाटेल. एक मीटरवर पोचलात की सकाळचं रीडिंग आणि आत्ताचं रीडिंग शेजारी ठेवा. म्हणून सकाळचा तो कागद जपायचा, त्याशिवाय तुलना कशाशी करणार. रीडिंग तेच, लॉक जागेवर, दोन्ही कॅप जागेवर, ठोकल्याच्या खुणा नाहीत, तर सोर्स आत आहे, पोलिसांसमोर पंचनामा करून उचला.

रीडिंग वाढलेलं असेल तर मागे या. जितकं मागे येता येईल तितकं, मीटर सांगेल. दोरी बांधा, लोकांना बाहेर काढा, आणि तिथून पुढचं काम आरएसओ आणि एईआरबी आणि बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्राच्या) माणसांचं. लांब चिमटे, शिशाचं इमर्जन्सी पॉट, शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या, हे सगळं आधी डमी सोर्सवर सराव करून मग सेकंद मोजून करतात. "मी पटकन उचलून आत टाकतो" असं म्हणणारा एक तरी पोरगा प्रत्येक टीममध्ये असतो, त्याला धरून ठेवा. पेरूमध्ये यानांगोला १९९९ साली एका वेल्डरने इरिडियमचा सोर्स उचलून पँटच्या खिशात ठेवला होता, त्याचा पाय गेला.

ज्याने पेटी हाताळली त्या माणसाकडे मग लक्ष द्या, आणि हे काम बहुतेक ठिकाणी घाईत राहून जातं. तो स्वतः किरण सोडत नाही, सोर्स सीलबंद आणि शाबूत असेल तर त्याच्या अंगाला काही लागलेलं नसतं, त्याला कोणी लांब ढकलू नये. पण किती वेळ, किती अंतरावर, शरीराचा कुठला भाग, हे त्याच्याकडून शांतपणे लिहून घ्या. उघड्या सोर्सची शंका असेल तर त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) आणि पुढचे दिवस परत परत, हाताचे फोटो तारखेसकट, कारण भाजल्याच्या खुणा लगेच दिसत नाहीत, काही दिवसांनी उमटतात. रक्तातल्या क्रोमोसोमवरून डोस काढायची तपासणी बीएआरसीत होते, एईआरबीला सांगून ती मागा. टीममधल्यांचे टीएलडी बॅज (अंगावर लावायचे, डोस मोजणारे) त्याच दिवशी तातडीने पाठवा, ठरलेली मुदत संपायची वाट बघू नका.

कॅमेरा परत आला म्हणून दुसऱ्या दिवशी साइटवर नेऊ नका. लॉक, कॅप, पिगटेलचं कनेक्टर आणि लीक टेस्ट (कॅप्सूलमधून काही गळतंय का ते), सगळं होऊन कागद हातात आल्यावरच.

दोरीबद्दल एक सांगायचं राहिलं. नायलॉनची दोरी ओली झाली की ताणते आणि गाठ सरकते, आमची तशीच सरकली होती, आणि फाळक्याचा एक हूक तारेने बांधलेला होता. आता माझ्या गाडीत पेटी हौद्याला बोल्ट केलेल्या लोखंडी खोक्यात जाते, वर कुलूप, शिवाय रॅचेट पट्टा, आणि कळंबोली किंवा कल्याण फाटा, जिथे थांबू तिथे उतरून हाताने हलवून बघायचं. आरशातून बघून चालत नाही.

त्या पंक्चरवाल्याचं सांगतो. तो दोन तास बसला होता पेटीवर, म्हणजे जास्तीत जास्त ०.६ मिलिसिव्हर्ट, सामान्य माणसाला वर्षाला १ ची मर्यादा आहे, त्याच्या आतच. आमच्या तेव्हाच्या सरांनी हा हिशोब एका कागदावर मांडला, त्याला त्याच्याच भाषेत वाचून दाखवला, सही करून कागद त्याच्या हातात दिला, आणि गरज नसताना तीन आठवड्यांनी परत शिळफाट्याला जाऊन त्याची विचारपूस केली. मी बरोबर होतो. तो कागद त्याने दुकानात ट्यूबच्या डब्यामागे प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट जपून ठेवला होता.