मुलांसोबत डब्यात बी रुजवताना

दह्याच्या रिकाम्या डब्याला बुडाशी तीन-चार भोकं पाडा. हे काम मोठ्यांचं. माती भरणं मात्र मुलांवरच सोडा, सांडली तर सांडू दे. मुलं बी हमखास बोटभर खोल खुपसतात, आणि मग ते वर येतच नाही. टोमॅटोला अर्धा सेंटिमीटर पुरे, म्हणून पेन्सिलीच्या टोकाशी तेवढी खूण करून द्या. पाणी ओतू नका, फवारा. पहिल्यांदा झेंडू लावा, साधारण 5 ते 7 दिवसांत उगवतो. कोंब दिसला की त्याच दिवशी डबा उजेडाच्या खिडकीत हलवा, नाहीतर रोप लांबट, लुळं होतं. कोवळ्या पानांवर कधी बियाचं टरफल टोपीसारखं अडकलेलं असतं. ते ओढू देऊ नका, नुसतं ओलं करा.