पोर्शे ९११ ला नवे टायर निवडताना

पोर्शे ९११ चे टायर झिजले की मालकाला चहूबाजूंनी एकच सल्ला मिळतो: माप तेच ठेवा, कंपनी नावाजलेली बघा आणि दोन टायर टाकून मोकळे व्हा. रोजच्या हॅचबॅकला हा सल्ला चालून जातो. ज्या गाडीचे इंजिन मागच्या आसाच्याही मागे आहे, जिच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग मागच्या दोन चाकांवर येतो आणि जिची पुढची व मागची चाके वेगवेगळ्या मापांची आहेत, तिला तो चालत नाही. अशा गाड्यांची देखभाल हेच माझे काम असल्याने हा सल्ला मानून आलेल्या गाड्या माझ्याकडे नेहमी येतात. त्यांतल्या बऱ्याच जणांना चारही टायर पुन्हा घ्यावे लागतात. पुढील मजकूर २०१८ च्या अखेरीस जगापुढे आलेल्या ९९२ पिढीतील कॅरेरा एस डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे. आपली गाडी दुसरी असेल तर मापे बदलतील, क्रम हाच राहील.

झीज कुठे पाहावी

कायद्याने नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत खाली गेलेली चालते, परंतु कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर गाडी चालवणाऱ्याने ३ मिलिमीटरवरच नवे टायर मागवावेत, कारण रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो आणि ९११ चा पुढचा भाग मुळातच हलका असतो. मोजमाप मागच्या टायरच्या आतल्या कडेला घ्यावे. मागची चाके वरच्या बाजूने किंचित आत झुकवलेली असल्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला नक्षी ठळक दिसते आणि आतली कडा मात्र गोटा झालेली असते. गाडी लिफ्टवर घेऊन त्या कडेवरून हात फिरवावा. बोटांना तारेची टोके लागली, तर ती गाडी टायर येईपर्यंत रस्त्यावर आणू नये.

साइडवॉलवरील आकडे

टायरच्या बाजूच्या भिंतीवर, म्हणजे साइडवॉलवर, माप छापलेले असते. कॅरेरा एसला पुढे २४५/३५ झेडआर २० आणि मागे ३०५/३० झेडआर २१ हे माप आहे. पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा साइडवॉलची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत. हिशेब केल्यास पुढच्या चाकाचा बाहेरचा व्यास ६७९.५ मिलिमीटर आणि मागच्याचा ७१६.४ मिलिमीटर येतो. हे ३७ मिलिमीटरचे अंतर गाडीच्या संगणकाला माहीत असते. एबीएस आणि स्थैर्य नियंत्रण त्याच आधारावर चाकांच्या फेऱ्यांची तुलना करतात. ९११ च्याच टर्बो एस मॉडेलचे ३१५/३० माप मागे टाकले की गाडी 'भरलेली' दिसते म्हणून तसे करून घेणारे आहेत. त्याने मागचा व्यास आणखी ६ मिलिमीटरने वाढतो, पुढचा आहे तिथेच राहतो, आणि चारही चाकांना ताकद देणाऱ्या कॅरेरा ४ एसमध्ये या फरकाचा भार पुढच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या क्लचवर सतत पडत राहतो. दिसण्यासाठी माप बदलू नये.

मापानंतर येणारा भारांक आणि वेगाचे अक्षर पुस्तिकेत दिले आहे त्यापेक्षा खालचे कधीही घेऊ नये. भारांक ९१ म्हणजे एका टायरमागे ६१५ किलो, १०० म्हणजे ८०० किलो. 'वाय' म्हणजे ताशी ३०० किलोमीटर, आणि तोच 'वाय' कंसात छापलेला असेल तर त्याहून अधिक. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना ताशी १०० चीच मर्यादा असताना हे अक्षर काय करायचे, असा प्रश्न हमखास येतो. अक्षर केवळ कमाल वेगापुरते नसते. एवढा वेग सोसण्यासाठी टायरचा सांगाडा जसा बांधलेला असतो, त्याच बांधणीवर गाडीचे वळणे आणि ब्रेक लागणे अवलंबून असते.

खरी अडचण: 'एन' खूण

इथपर्यंतची कामे कोणताही काळजीपूर्वक टायरवाला करून देईल. पुढचा भाग मात्र मालकाने स्वतः समजून घेतला पाहिजे. मलाही तो नीट उमगायला वेळ लागला, कारण दुकानात त्याबद्दल कोणी धड बोलत नाही, आणि जे बोलतात ते बहुधा शिल्लक माल खपवण्यासाठी बोलतात.

टायरच्या साइडवॉलवर मापाच्या आसपास 'एन०', 'एन१', 'एन२' अशी लहानशी खूण उठवलेली असते. अलीकडच्या गाड्यांसाठी 'एनए०', 'एनए१' अशा दोन अक्षरांच्या खुणाही आल्या आहेत. ही पोर्शेची मान्यता होय. टायर कंपनी पोर्शेबरोबर त्या मॉडेलसाठी टायर घडवते, पोर्शेच्या वाइसाख येथील विकासकेंद्रात आणि न्यूर्बुर्गरिंग या जर्मनीतील शर्यतमार्गाच्या उत्तर चक्रीवर त्याची पारख होते आणि मगच खूण मिळते. बीएमडब्ल्यूची चांदणी आणि मर्सिडीजचे 'एमओ' त्याच जातीचे. म्हणून 'मिशलँ पायलट स्पोर्ट ४ एस' हे नाव आणि ३०५/३० झेडआर २१ हे माप दोन्ही तंतोतंत जुळूनही दोन टायर वेगळे असू शकतात: रबराचे मिश्रण वेगळे, सांगाड्याच्या थरांची रचना वेगळी, साइडवॉलचा ताठरपणा वेगळा. नक्षी मात्र सारखीच दिसते आणि फसगत तिथेच होते.

खुणेतील अंक ही प्रत नव्हे. 'एन१' हा 'एन०' पेक्षा वरच्या दर्जाचा, असे छातीठोकपणे सांगणारे विक्रेते मी पाहिले आहेत. तो फक्त मान्यतेचा क्रम आहे: पहिली मान्यता 'एन०', त्याच टायरच्या रचनेत पुढे बदल होऊन पुन्हा मान्यता मिळाली की 'एन१'. आपल्या मॉडेलच्या मंजूर यादीत कोणती खूण आहे एवढेच पाहायचे असते. ती यादी पोर्शे मॉडेलनिहाय प्रसिद्ध करते आणि ती हातात घेऊनच दुकानात जावे.

आता मुख्य पेच. ९११ चे मागचे टायर पुढच्यांपेक्षा फार लवकर संपतात. पुढचे अर्धे झिजेपर्यंत मागचे बदलायला येतात. मापे वेगळी असल्यामुळे पुढचे मागे आणि मागचे पुढे अशी अदलाबदल करता येत नाही. मालक साहजिकच दोनच टायर घ्यायला निघतो, आणि नेमकी त्याच वेळी गाडीवर असलेली खूण बाजारात नसते. मग विक्रेता म्हणतो, "साहेब, तोच टायर आहे, फक्त खूण नाही." हे वाक्य कानावर पडले की दुकानातून निघावे.

कारण असे. गाडी वळते तेव्हा टायर ज्या दिशेला तोंड करून असतो आणि ज्या दिशेला प्रत्यक्ष जातो, त्यांत थोडा कोन पडतो. त्या कोनातूनच वळणाची पकड निर्माण होते. पुढच्या आणि मागच्या टायरांना सारख्या पकडीसाठी किती कोन लागावा हे जुळवून गाडीचा तोल बसवलेला असतो. मागे मऊ सांगाड्याचा टायर आला तर त्याला अधिक कोन लागतो, म्हणजे मागचा भाग अधिक बाहेर जातो, आणि तिथे तर इंजिनाचे वजन टांगलेले आहे. कोरड्या रस्त्यावर मालकाला एवढेच जाणवते की गाडी 'सैल' वाटते. खंडाळ्याच्या उतारावर, पहिल्या पावसात, वळणात मध्येच ॲक्सिलरेटर सोडल्यावर हा सैलपणा किती आहे ते कळते. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत पुढे खुणेचे आणि मागे त्याच नावाचे बिनखुणेचे टायर होते. मालकाने दोनदा व्हील अलाइनमेंट करून घेतले होते, शॉक ॲब्सॉर्बरवर संशय घेतला होता, एकाने तर स्टिअरिंग रॅक बदलण्याचा खर्च काढून दिला होता. चारही टायर एका खुणेचे बसवल्यावर तक्रार संपली. अलाइनमेंटला हात लावावा लागला नाही.

म्हणून माझा नियम, आणि यावर मी तडजोड करत नाही: चारही टायर एका कंपनीचे, एका नावाचे आणि एका खुणेचे. मागचे दोन त्याच खुणेचे मिळत असतील तर दोन घ्यावेत. मिळत नसतील तर चार घ्यावेत, पुढचे अर्धे शिल्लक असले तरीही. पोर्शेचेही सांगणे हेच आहे. पुढचे दोन वाया गेले असे वाटेल. ते विकून टाकावेत, परंतु त्यांच्यासाठी मागची जोडी विजोड करू नये. वॉरंटी संपलेल्या जुन्या गाडीवर, खुणेचा टायर कुठेच मिळत नसेल तर, योग्य भारांकाचे आणि वेगाच्या अक्षराचे, एकाच नावाचे चारही बिनखुणेचे टायर मला मान्य आहेत. दोन खुणेचे आणि दोन बिनखुणेचे कधीच नाहीत. शुद्धतेच्या नावाखाली पुढे खुणेचा गोटा टायर फिरवत राहण्यापेक्षा चार चांगले बिनखुणेचे टायर केव्हाही बरे.

यातून खरेदीचे वेळापत्रक आपोआप ठरते. एक संच बसवला, पहिल्यांदा मागचे झिजले की मागची जोडी, दुसऱ्यांदा झिजले की चारही. संच निवडतानाच तो टायर लवकर बंद होणार नाही ना, हे विचारून घ्यावे. पायलट स्पोर्ट ४ एस २०१७ पासून बाजारात आहे आणि त्याच्या जागी पायलट स्पोर्ट एस ५ येत आहे. अशा संक्रमणाच्या काळात शिल्लक जोड्या स्वस्त मिळतात, पण त्यांच्या जोडीला वर्षभराने काही मिळेलच असे नाही. मागची जोडी आगाऊ घेऊन ठेवावी असेही कोणी सुचवतात. रबर घरात पडूनही म्हातारे होते, त्यामुळे ते करू नये.

कोणत्या जातीचा टायर

रस्त्यासाठी पायलट स्पोर्ट ४ एस किंवा पिरेली पी झिरो या वर्गातील टायर घ्यावा. पायलट स्पोर्ट कप २ सारखा ट्रॅककडे झुकलेला टायर सुक्या, तापलेल्या डांबरावर अप्रतिम असतो. परंतु त्याची नक्षी उथळ आणि चर कमी असल्यामुळे साचलेल्या पाण्यात तो लवकर हात टेकतो. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर जाण्याची हौस असेल तर त्यासाठी चाकांचा दुसरा संच ठेवावा. पावसाळ्यात पुण्याहून महाबळेश्वरला कप २ वर जाणाऱ्याला मी शौकीन म्हणत नाही.

साइडवॉलवरील 'ट्रेडवेअर' म्हणजे झिजेचा अंक पाहून टायर किती टिकेल याचा हिशेब मांडू नये. पायलट स्पोर्ट ४ एसवर ३०० आणि कप २ वर १८० हा अंक सर्वसाधारणपणे असतो, आणि एकाच कंपनीच्या दोन टायरांत तुलना करायला तो ठीक आहे. मात्र अमेरिकेच्या या पद्धतीत टेक्सासमधील ठरलेल्या मार्गावर चाचणी घेऊन अंक कंपनी स्वतःच देते, त्यामुळे एका कंपनीचे ३०० आणि दुसरीचे ३०० सारखे टिकतीलच असे नाही.

खरेदी

जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात मुक्त यादीतून काढून नियंत्रित यादीत टाकली आणि तेव्हापासून आयात परवान्यावर होते. शिवाय भारतात विकल्या जाणाऱ्या टायरवर आयएसआय खूण सक्तीची आहे. अशा मोठ्या, कमी खपाच्या मापांना याचा फटका अधिक बसतो. पावसाळ्यासाठी टायर हवा असेल तर मार्चमध्येच मागणी नोंदवावी. सामानात गुंडाळून परदेशातून आलेला, आयएसआय नसलेला टायर कितीही स्वस्त पडला तरी नाकारावा.

टायर दुकानात उभा करून, मोबाइलच्या दिव्यात, बिल फाडण्यापूर्वी वाचावा. 'डीओटी' नंतरच्या मालिकेच्या शेवटी चार अंक असतात: २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. ही पूर्ण मालिका बहुधा एकाच बाजूला असते आणि बसवल्यावर ती आतल्या अंगाला जाऊ शकते; मग गाडीखाली आडवे पडून वाचावी लागते. दोन वर्षांहून जुना टायर नवा म्हणून घेऊ नये. एका आसावरच्या दोन टायरांच्या तारखा जवळपासच्या असाव्यात.

बसवताना

रिमला ओरखडे न पाडणारे, पहार न लावता टायर चढवणारे यंत्र जिथे आहे तिथेच हे काम द्यावे. ३०५ रुंदीचा टायर पहारीने चढवू पाहणारा माणूस रिमची कड आणि व्हॉल्व्हमधील दाबाचा सेन्सर दोन्ही घालवतो. आतल्या आणि बाहेरच्या अर्ध्याची नक्षी वेगळी असलेल्या टायरवर 'बाहेरची बाजू' असे उठवलेले असते, ती बाहेरच आली का हे पाहावे. त्यानंतर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट. हवा नायट्रोजनच असावी हा आग्रह निरुपद्रवी आहे, इतकेच. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. दाब मात्र दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीप्रमाणे, टायर थंड असताना, पुढे आणि मागे वेगवेगळा भरावा. चारही चाकांत 'पस्तीस' भरून देणाऱ्या पंपावरील मुलाचे ऐकू नये. गाडीच्या मेन्यूत जाऊन नव्या टायरचा प्रकार आणि माप निवडावे, नाहीतर दाबाची सूचना देणारी यंत्रणा जुन्याच आकड्यांवर चालते.

चाकाचे बोल्ट १६० न्यूटन-मीटरला, टॉर्क रेंचनेच आवळून घ्यावेत. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या पदार्थाचा थर असतो, म्हणून पहिले दीड-दोनशे किलोमीटर गाडी सबुरीने चालवावी आणि तेवढ्या प्रवासानंतर बोल्ट पुन्हा तपासून घ्यावेत. या गाडीत स्टेपनी नसते. पंक्चर बुजवण्याच्या द्रवाच्या बाटलीवर वापराची मुदत छापलेली असते, तीही त्याच दिवशी पाहून घ्यावी.