एक्झोराची नवी पाने पिवळी, शिरा मात्र हिरव्या: माझा अनुभव

एक्झोरा हे फुलांचे झुडूप. माझ्या झाडाचे लक्षण असे: शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडत, शिरा हिरव्याच राहत, जुनी पाने ठणठणीत. कळ्या कमी. युरिया दिला, एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) फवारले, पाणी कमी केले. काहीच फरक नाही. झाड डोळ्यांदेखत फिकट होत जाताना फार जीव तुटला.

खरे तर पाने पाहूनच निदान होते. मॅग्नेशियम कमी पडले तर आधी जुनी पाने पिवळी होतात. नवी होत असतील तर बहुधा लोह. मातीचा पीएच मोजला, तर ८ च्या आसपास, म्हणजे अल्कधर्मी. एक्झोराला आम्लधर्मी माती लागते. अल्कधर्मी मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. झुडूप सिमेंटच्या भिंतीलगत असेल किंवा पाणी जड (क्षारांचे) असेल, तर हा संशय आधी घ्यावा.

उपाय याच क्रमाने केला. हाडांचा चुरा बंद केला, कारण जास्तीचे फॉस्फरस लोह अडकवते. मग माती ओली करून चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेले लोह) पाण्यात विरघळवून संध्याकाळी मुळाशी ओतले, प्रमाण पाकिटावरचेच. पाकिटावर ‘ईडीडीएचए’ हा चिलेटचा प्रकार लिहिलेला हवाच. ‘ईडीटीए’ स्वस्त असते, पण अल्कधर्मी मातीत टिकत नाही. ईडीडीएचएचे द्रावण गडद लाल असते, फरशीवर डाग पडतो. शेवटी वरच्या मातीत थोडे गंधक आणि कंपोस्ट मिसळले. गंधकाचे काम जिवाणू करतात, त्याला काही महिने लागतात. तोवर लोहावरच भिस्त. शक्य तेव्हा पावसाचे साठवलेले पाणी घातले.

पुढची पालवी हिरवीगार आली. आधीच पिवळी पडलेली पाने पूर्ण सुधारली नाहीत, म्हणून नव्या पालवीकडेच पाहा.