डिटेन्शन सेंटरच्या व्हिजिटला निघण्याआधी

ब्रिटनमधल्या इमिग्रेशन डिटेन्शन सेंटरमध्ये, म्हणजे परदेशी लोकांना डांबून ठेवतात तिथे, आतल्या लोकांच्या मानसिक आरोग्याकडे नीट बघतात का हे तपासायला जाणार असाल तर आधी घरी बसून डिटेन्शन सेंटर रूल्स २००१ मधले ३४, ३५, ४० आणि ४२ नंबरचे नियम वाचून काढा, बाकीचे नंतर वाचलेत तरी चालेल. ३४ म्हणजे माणूस आल्यापासून २४ तासांत डॉक्टरने शरीर आणि मन दोन्ही तपासायचं, अर्थात त्याची तयारी असेल तर. मध्यरात्री दमून आलेल्या माणसाला नर्सने भराभर विचारलेले प्रश्न त्यात धरू नका. ३५ मध्ये डॉक्टरने रिपोर्ट द्यायचा असतो, आत ठेवल्याने तब्येत बिघडणार असेल, जीव द्यायचा विचार दिसत असेल किंवा आधी छळ झालेला असेल तर, आणि तो होम ऑफिसपर्यंत, म्हणजे तिथल्या गृहखात्यापर्यंत, पोचायला हवा.

आता खरी मेख. जाण्याआधीच दोन आकडे मागवा, गेल्या तीन महिन्यांत एसीडीटीवर, म्हणजे स्वतःला इजा करून घेतील म्हणून लक्ष ठेवलेले, किती जण होते आणि त्याच काळात ३५(२) चे, म्हणजे जीव द्यायच्या विचाराबद्दलचे, रिपोर्ट किती गेले. एखाद्याच्या दारात चोवीस तास माणूस बसवलाय आणि डॉक्टरचा रिपोर्ट मात्र शून्य, असं कसं? ब्रूक हाउस या अशाच एका सेंटरच्या चौकशीचा अहवाल २०२३ मध्ये आला त्यातही हेच निघालं होतं, त्यामुळे "आमच्याकडे तशी केसच नाही" हे उत्तर ऐकून गप्प बसायचं नाही. मग एसीडीटीवर होते त्यांची नावं ४० आणि ४२ च्या रजिस्टरमध्ये शोधा, म्हणजे एकटं ठेवलेल्यांच्या यादीत. मला विचाराल तर आजारी माणूस तिथेच जास्त सापडतो.

मेडिकल फाइल बघायची तर त्या माणसाची लेखी संमती लागते, फॉर्म त्याच्या भाषेत न्या. इंटरप्रिटर आधीच बुक करा, शेजारच्या खोलीतल्याला किंवा गार्डला मधे घालू नका, छळाबद्दल कोणी त्यांच्यासमोर बोलणार नाही. आणि परत पाठवायची नोटीस कोणत्या दिवशी हातात दिली ते लिहून घ्या, ब्रिटनमध्ये किती दिवस आत ठेवायचं याला कायद्यात सरसकट मर्यादा नाही, त्यामुळे माणूस बहुतेक त्या कागदाच्या आसपासच ढासळतो, त्या रात्री कोण ड्युटीवर होतं तेही विचारा.

शेवटी एसीडीटीच्या नोंदींच्या वेळा बघा. १०, ११, १२, अगदी ठोक्याला आणि एकाच पेनाने असतील तर त्या नंतर बसून भरल्याची शंका घ्या आणि त्या रात्रीचं सीसीटीव्ही मागा.