काळ्या मातीची फुगवण रस्त्याआधी मोजावी कशी

परभणी-नांदेड पट्ट्यातील काळ्या मातीवर बांधलेला रस्ता दोन पावसाळ्यांत लाटांसारखा का होतो, याचे उत्तर डांबरात कमी आणि खालच्या मातीत अधिक सापडते. मॉन्टमोरिलोनाइट हे तिच्यातील खनिज पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे वाहतूक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने संशोधनाची सुरुवात आयएस २७२० या माती चाचण्यांच्या भारतीय मानकाच्या भाग ४० मधील मुक्त फुगवण चाचणीने करावी. ती स्वस्त आहे आणि महागड्या उपकरणांवाचून होते.

मुळांचा वरचा थर काढून खालची माती घ्यावी, भट्टीत वाळवून, कुटून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळावी. प्रत्येकी १० ग्रॅमचे दोन नमुने १०० मिलिलीटरच्या दोन मोजनळ्यांत घालून एकीत ऊर्ध्वपातित पाणी, दुसरीत केरोसीन भरावे. केरोसीनमध्ये माती फुगत नाही, म्हणून तोच तुलनेचा आधार ठरतो. काचेच्या कांडीने ढवळून अडकलेली हवा काढून टाकावी (घाईत नेमके हेच राहते) आणि नळ्या २४ तास हलवू नयेत.

पाण्यातील आकारमानातून केरोसीनमधील वजा करून, केरोसीनमधील आकारमानाने भागून १०० ने गुणावे. समजा, पाण्यात २२ आणि केरोसीनमध्ये १२ मिलिलीटर भरले, तर मुक्त फुगवण निर्देशांक सुमारे ८३ टक्के येतो. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांनुसार ५० टक्क्यांवरील माती भरावाला चालत नाही. अशा वेळी मुरूम आणावा किंवा चुना मिसळून चाचणी पुन्हा करावी.