पोराले रात्री घाम यायचा, कारण निघालं नाकात

पोरगं 5 वर्षाचं, आम्ही दारव्ह्याकडचे, डिसेंबरच्या थंडीतही रात्री डोकं-मान घामानं चिंब, उशी ओली. गोधडी कमी केली, आईनं नजर उतरवली, मेडिकलातून टॉनिक आणलं, काहीच फरक नाई, दोन महिने डोक्याले ताप. पीएचसीत (सरकारी आरोग्य केंद्रात) वजन, खोकला विचारून टीबीसाठी एक्स-रे केला, काही नाई निघालं. मग झोपेतला व्हिडिओ दाखवला, तोंड उघडं, घोरणं, मधेच श्वास अडकणं. नाक-कान-घशाचे डॉक्टर म्हणले अ‍ॅडेनॉइड (नाकाच्या मागची गाठ) वाढलं, श्वासाले जोर लागते म्हणून घाम. रोज रात्री आधी नाकात सलाईनचे (मिठाच्या पाण्याचे) थेंब, नाक शिंकरून साफ, मान जराशी खाली, मग त्यांनी लिहून दिलेला स्प्रे, टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे नाई, कानाच्या बाजूनं (मी आधी उलटंच मारत होतो). सहाव्या आठवड्यात उशी कोरडी. ताप, वजन घटणं, मानेत गाठी असल्या तर स्प्रेबिप्रे सोडा, आधी तपासणी.